धुपाटण्यातली राजकन्या

हनीनच्या पाचव्या वाढदिवसासाठी आठवडाभर खपून मी भिंतीएवढं पुठ्ठ्याचं गोष्टीचं पुस्तक केलं होतं. गोष्ट तिनेच रचलेली. तिच्यासारखीच दिसणारी कागदी राजकन्या नाईल नदीतून होडी वल्हवत पानापानावर फिरणार होती. पाव घेऊन परतले, तर राजकन्या सुईच्या भोकांनी चाळण होऊन सासूबाईंच्या धुपाटण्यात जळत होती! “अहो, हे काय केलंत?” मी ओरडले. “दृष्ट काढली. संध्याकाळी बायका डोळे फाडून बघतील पोरीकडे.” “मग दुसरा कागद नव्हता घरात?” “दृष्टीला कागदाची बाहुलीच लागते, तिच्याच रूपाची आयती मिळाली. जिची नजर वाईट, तिचं नाव घेत टोचली, म्हणजे तिचाच डोळा फुटतो.” “कोणाकोणाचं घेतलंत?” “शेजारीण, तुझी जाऊ…” त्या अडखळल्या. हनीन हुंदके देत म्हणाली, “आजीने पहिलं नाव तुझंच घेतलं, आई.” माझं डोकं सणकलं. मी दुसरी राजकन्या कापून सुईसकट त्यांच्यापुढे आपटली. “घ्या. आता माझ्या डोळ्यांत बघून टोचा.”