टॉसनंतरचा फोन

"थोरवेला कॅप्टन कर, डोळे झाकून," बाबा फोनवर म्हणाले. "पिचवर गवत आहे. चाळीस वर्षं मैदानावर रोलर फिरवलाय मी, मला टीव्हीवरूनही माती कळते."

मी पुण्यात, ते सोलापुरात. टॉस झाला की सामना सुरू होईपर्यंत अर्धा तास मिळतो. तेवढ्यात ऑफिसच्या फँटसी लीगसाठी माझी टीम ठरवायची, म्हणून आमचा रोजचा फोन. पण बाबांचे कॅप्टन सारखे आपटायचे. शेवटी मी एका ऑनलाइन तज्ज्ञाची वर्गणी भरली आणि बाबांना तसं सांगूनही टाकलं. ते एवढंच म्हणाले, "बरं." त्यानंतर महिनाभर त्यांचे अंदाज अचानक बरोबर यायला लागले. मला वाटलं, बाबा ईर्ष्येला पेटलेत.

आज तज्ज्ञानेही थोरवेलाच कॅप्टन केलं होतं. बाबा बोलत असतानाच त्याचा दुसरा मेसेज आला : "माफ करा, जुनी यादी बघून लिहिलं. थोरवे आज खेळत नाहीये."

बाबांनी तो मेसेज अजून वाचलेला नव्हता.

"बाबा, नक्की थोरवेच ना?"

"अगं, माती बोलते माझ्याशी!"

मी थोरवेला कॅप्टन केलं. न खेळणाऱ्याला शून्य गुण मिळतात, तेच मिळाले. लीगमध्ये मी दुसऱ्या नंबरवरून थेट अकराव्यावर घसरले.

दुसऱ्या दिवशी मी माझी वर्गणी बंद केली. एका घरात दोन कशाला?