दंडावरचा चट्टा

"डोळे मिटा," म्हणत भिवराबाईनं धर्मराजला काळा चष्मा चढवला. चेहरा भाजू नये म्हणून पांढऱ्या ट्यूबमधलं उजेड अडवणारं मलम तोंडाला चोपडलं आणि मग ती त्याच्या दंडाकडे वळली. "ह्ये जखमेवरचं औषध. हलू नगा."

बीडच्या त्या दवाखान्यात, उजेडाच्या नळ्या बसवलेल्या कपाटात उघडं उभं राहायची ही त्याची चोविसावी खेप. सोरायसिसनं अंगभर धरलेले खवले गळून गेले होते. राहिला होता फक्त दंड. तिथं दातांच्या दोन कमानी उमटल्या होत्या, वरच्या ओळीत एका दाताची फट.

"हा रोग जखमेवर बसतो," डॉक्टर पहिल्या दिवशी म्हणाले होते. "काय चावलं?"

"कुत्रं."

चावला होता मुंजाजी. दुष्काळात सोसायटीच्या छावणीतला चारा चेअरमन धर्मराज परस्पर विकतो, असं तो सिरसाळ्यात भर सभेत बोलला. दुसऱ्याच दुपारी तोंडाला गमछा बांधून धर्मराजनं त्याला गव्हाणीत पाडलं आणि बैलाच्या खुंट्यानं हाणलं. बरगड्या मोडल्या तरी हात थांबेना. मुंजाजीनं सदऱ्यावरून दंडात दात रोवले, ते कवटी फुटेपर्यंत सोडले नाहीत. जनावरं हंबरत राहिली. धर्मराजला दया आली नाही, नुसती घाण वाटली.

चाव्याची जखम वरवरची होती, ती भरली. त्याच आकारात रोग मात्र उगवला. फौजदारानं प्रेताच्या दातांचा साचा काढून ठेवलाय, सोमवारी सोसायटीतल्या सगळ्यांचे हात तपासणार, अशी कुणकुण होती. चट्टा गेला तर सुटका, राहिला तर फास.

चोराच्या मनात चांदणं. भिवराबाईचं गाव त्यानं आधीच विचारून घेतलं होतं. "आष्टी," ती म्हणाली होती. आष्टी सिरसाळ्यापासून लई लांब, म्हणून गडी निर्धास्त झाला होता.

"बाकी समदं गेलं. ह्येच काहून ऱ्हायलं?" कपाटात शिरता शिरता त्यानं विचारलं.

"जखमेवरचं लई चिवट असतंय, चेअरमन. आज बगा."

दार लागलं. नळ्या घोंघावल्या, अंगाला ऊब लागली. सोमवारी बाही वर करताना फौजदाराचं तोंड कसं पडेल, या विचारानं त्याला हसू आलं.

दार उघडलं. त्यानं चष्मा काढला, तर समोर फौजदार आणि दोन शिपाई.

धर्मराजनं पहिल्या शिपायाच्या नाकावर डोकं आपटलं. रक्त उडालं. दुसऱ्यानं त्याच्या गुडघ्यात काठी घातली, हात पिरगाळला आणि तोंड भिंतीवर दाबलं. ओठ फाटला.

भिवराबाईनं ओल्या कापसानं त्याचा दंड पुसला. खाली चट्टा पहिल्या दिवसासारखाच लाल होता. टेबलावर ट्यूब एकच होती. पांढरी.

फौजदारानं साचा टेकवला. दातावर दात बसला.

"आणि ही फट?"

"म्हायेरी, सिरसाळ्यात, विटी लागली व्हती त्येला," भिवराबाई म्हणाली. "धा वर्सांचा व्हता. दांडू माज्याच हातात व्हता."