चाळीस पाय

आत्याने बाबांच्या दुकानातल्या संगणकासमोरची खुर्ची अडवली होती. कृत्रिम अवयवांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला दोन विद्यापीठांनी मुलीला जागा दिली होती. होकार एकालाच द्यायचा होता, आणि मुदत संध्याकाळी पाचपर्यंतच होती.

"यात विचार कसला करायचा, ते तरी सांग," आत्या म्हणाली. ती कॉलेजात शिकवत असे, आणि घरातल्या प्रत्येकाचा निकाल आपणच लावायचा असतो या समजुतीत तिची हयात गेली होती. "एकीकडे जगभर नाव असलेलं विद्यापीठ. मेंदूच्या इशाऱ्यावर हलणारे हात करतात तिथे. आणि दुसरीकडचं नाव सांगितलंस, तर लोक विचारतील, हे गाव की आडनाव?"

मुलगी हसली, जागची हलली मात्र नाही.

कृत्रिम पायांच्या त्या दुकानात प्लास्टरची भुकटी कुणालाच वगळत नसे. ती खिडकीच्या गजांवर होती, मापाच्या फितीवर होती, बाबांच्या भुवयांवर होती. एका मांडीच्या पांढऱ्या साच्यावरून ते कानस फिरवत होते. न दिसणाऱ्या माणसाची समजूत काढावी, तशी हलक्या हाताने.

"आत्याचं ऐक," मान वर न करता ते म्हणाले. "पाय करायला माझ्याकडे शिकलीसच की. त्यातच आणखी दोन वर्षं कशाला घालवायची?"

"मी दोन्ही विद्यापीठांना एकच प्रश्न पाठवला होता," मुलगी म्हणाली. "दोन वर्षांत माझ्या हातून किती माणसांना पाय बसतील?"

"मग?"

"मोठ्या नावाने माहितीपुस्तक पाठवलं. चौऱ्याऐंशी पानं, सगळी गुळगुळीत."

"आणि तुझ्या त्या आडनावाने?" आत्याने विचारलं.

मुलीने खिशातून कागद काढून वाचला. "'चाळीस. त्यांतले तीस जण तक्रार घेऊन परत येतील. त्यांचे पाय तुम्ही दुरुस्त कराल. उरलेल्या दहाजणांच्या घरी आम्ही तुम्हाला पाठवू. जे परत येत नाहीत, त्यांनी बहुधा पाय काढून ठेवलेला असतो.'"

कानस थांबली.

"काहीतरीच," बाबा म्हणाले. "नीट बसला, म्हणूनच माणूस परत येत नाही. अठ्ठावीस वर्षांत माझ्याकडे किती आले परत? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके."

"तेच म्हणतेय मी, बाबा."

"अगं, बापाशी बोलतेयस तू," म्हणत आत्या ताडकन उठली.

रिकाम्या झालेल्या खुर्चीत मुलगी बसली. मोठ्या नावापुढे तिने नकार नोंदवला, लहान नावापुढे होकार. मुदत संपायला अजून दोन तास होते. तिला ते नको होते.

"झालं," आत्या म्हणाली. "हातचं घालवलंस."

बाबांनी फळीवरची जाड वही ओढून काढली आणि मुलीपुढे आपटली. भुकटीचा लहानसा ढग उठला. पहिल्या माणसापासून कालच्या माणसापर्यंत सगळ्यांची नावं, मापं आणि पत्ते त्या वहीत होते.

"ही घे. एकेकाचं दार ठोठाव," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "सगळे चालत दार उघडायला येतील. नाही आले, तर हे दुकान बंद करतो मी."

"दुकान बंद करू नका," मुलगी म्हणाली. "वही द्या. आजपासूनच जाते."

तिने वहीचं एक टोक धरलं. बाबांचा पांढराफटक तळवा वहीवर पसरलेला होता. तो काही उचलला जाईना.