सीझन सोडून कधीही

"समुद्र नको," मालकीणबाई म्हणाल्या. "खारं वारं मला मानवत नाही."

मालकांनी समुद्राच्या सहलीचं पत्रक खाली ठेवलं आणि वाळवंटाचं उचललं. त्याची घडी उलगडायच्या आत बाई म्हणाल्या, "इथली धूळ झाडून भागत नाही, वाळू कुठं झाडत बसू?" मग जुनी शहरं आली, दोन बेटं आली, एक धबधबाही येऊन गेला. बाई बटाटे सोलत होत्या आणि सालींबरोबर एकेक देश टोपलीत टाकत होत्या.

डोंगरउतारावरचं ते गेस्टहाउस दोघांनी मिळून उभं केलं होतं. मिळून म्हणजे मालक पुढे बसत आणि बाई मागे राबत. मुलीचं लग्न झालं की तू म्हणशील तिथं नेईन, असा शब्द मालकांनी दिला होता. मुलगी आता दोन मुलांची आई होती. परवा फोनवर तिनं बापाला सरळच विचारलं, "बाबा, आईला तुम्ही नेताय की मी घेऊन जाऊ?" मुलीनं नेलं तर परत कधी पाठवील याचा नेम नव्हता, आणि मालकांना पाणीसुद्धा नीट उकळता येत नव्हतं. म्हणून ही पत्रकं.

"मग तूच सांग," मालक म्हणाले. "कुठंही म्हण. फक्त आपला सीझन सोडून."

तेवढ्यात फोन वाजला. कुणा गृहस्थांना कधी यावं ते विचारायचं होतं. मालक एकदम खुलले.

"वसंतात या, साहेब, नाहीतर येऊच नका. वरची कोपऱ्यातली खोली घ्या. सकाळी पडदा बाजूला केला की अख्खी दरी फुलांनी जांभळी. पलंगावरून उठायचंसुद्धा नाही. माणसानं आयुष्यात एकदा तरी हे बघावं."

ही थाप नव्हती. मालकांचा त्यावर मनापासून विश्वास होता, म्हणून तर खोल्या भरत.

बाईंची सुरी थांबली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फक्त मागची भिंत दिसायची. दर वसंतात पाहुणे नाश्त्याला खाली येत आणि भारावून सांगत, काय ती दरी, काय ती फुलं. बाई म्हणत, हो ना, अजून एक अंडं देऊ?

मालकांनी फोन ठेवला. "घेतील ती खोली. संध्याकाळी कळवतो म्हणाले."

"त्यांना दुसरी द्या. ती मी घेतली. भर सीझनमधला आठवडा."

मालक हसले. बाई हसत नाहीत हे जरा उशिरा त्यांच्या लक्षात आलं.

"अगं, पण ते आपलंच घर आहे."

"तुम्ही बघितलंय. मी नाही."

मालकांनी पत्रकं गोळा केली, कडा जुळवल्या, पुन्हा विस्कटल्या. शेवटी त्यांनी घसा खाकरला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "किती माणसं?"

"एकच," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याला स्वयंपाक करायचाय."