टीव्हीच्या जागी

त्रिकोणासनात सगळा वर्ग उजवीकडे वाकला आणि मी एकटीच डावीकडे. शेजारच्या बाईंच्या डोक्यावर माझं डोकं धाडकन आपटलं.

समाजमंदिरातल्या योगवर्गाचा माझा पहिलाच दिवस. नाव नोंदवताना मी ठसक्यात सांगितलं होतं, ‘नवशिक्यांत नको, मला पुढच्या वर्गात घाला.’

‘लागलं का हो तुम्हाला?’ म्हणत बाईंनी उलट माझंच कपाळ चोळलं. पुढच्या आसनातही माझी बाजू उलटीच. आता नवशिक्यांत पाठवणार, म्हणून मी चटई गुंडाळायला घेतली.

‘काकू, कुठे शिकलात?’ शिकवणाऱ्या हेमांगीताईंनी विचारलं.

‘टीव्हीसमोर. रात्रपाळी करून आलेली सून सकाळी झोपते, म्हणून आवाज बंद करून. टीव्हीतल्या बाईंचा उजवा हात वर गेला की समोर मी डावा उचलायची.’

ताई हसल्या नाहीत. ‘वर्गाकडे तोंड करून उभं राहिलं की मलाही असंच उलटं दाखवावं लागतं. अजून गोंधळ होतो माझा. तुमची आसनं सुरेख आहेत, काकू. चटई इकडे पुढे आणा.’

सगळ्यांसमोर, वर्गाकडे तोंड करून उभी राहिले. मी डावीकडे वाकले आणि अख्खा वर्ग माझ्याबरोबर त्यांच्या उजवीकडे वाकला. मघाच्या बाई पहिल्या रांगेत होत्या. कपाळावर टेंगूळ, पण वाकल्या अगदी बरोबर.

संध्याकाळी कामावर निघताना सुनेने विचारलं, ‘आई, वर्गात जागा कुठे मिळाली? मागे की मध्ये?’

‘टीव्हीच्या जागी,’ मी म्हटलं. आणि या वेळी आवाज मुळीच कमी केला नाही.