थाळीखालची नोट

बिल मागितलं की बिल येतं, एवढं तरी कडावच्या मोरूला ठाऊक होतं. पण वेटर दत्ता नुसताच हसला.

"काका, तुमचं बिल कसलं? ताईंचे वडील तुमी."

झाली ना पंचाईत! मोरू बिलाच्याच भरवशावर आज पहिल्यांदाच इथं जेवायला बसला होता. नातवंडाचं तोंड दिसेपर्यंत बापानं लेकीच्या घरी जेवायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. संजनाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा काही हलला नव्हता. पळसदरीला आला की मोरू अंगणातूनच लेकीला बघून परत फिरायचा. "पोट भरलेलं हाय गं," म्हणायचा, आणि तो खोटं बोलतोय हे दोघांनाही कळायचं. मग संजनानं आणि जावयानं घराच्या पुढच्या पडवीत हे हॉटेल काढलं आणि मोरूचा जीव भांड्यात पडला. हॉटेल म्हणजे हॉटेल! पैसे टाकायचे, जेवायचं. रिवाजही मोडत नाही आणि लेकीच्या हातची भाकरीही मिळते.

भाकरी तिनंच थापली होती, तिनंच आणून वाढली. वालाचं बिरडं त्यानं पुन्हा मागून घेतलं. हात अगदी आईचा आहे तुझा, असं तिला म्हणावंसं वाटलं, पण तोंडात घास होता.

आणि आता म्हणे बिल नाही. फुकट जेवलो म्हणजे हे हॉटेल कसलं, लेकीचं घरच की! मोरूचं डोकं चालेना. माणसं हॉटेलातून उठताना वेटरला टीप ठेवतात, हे त्यानं कर्जतला पाहिलं होतं. त्यानं इकडंतिकडं बघितलं, खिशातली नोट हळूच थाळीखाली सरकवली आणि दाराशी जाऊन एक चप्पल पायात घातली.

दत्ता धावतच आला. "काका, ही टीप घ्या परत. आमी वेगळी टीप नाय घेत. सर्व्हिस चार्ज बिलातच लागतो, आपोआप."

"मग बिलात लाव ना रं."

"तुमचं बिल हाय कुठं?"

"मग काढ की!"

"तुमचं बिल काढलं तर ताई मला ठेवतील का कामाला?"

ठाण्याकडून आलेली मंडळी जेवण सोडून बघायला लागली. आतून संजना आली. हाताला पीठ तसंच. तिनं दत्ताच्या हातातली नोट पाहिली.

"थाळीखाली होती?"

दत्तानं मान डोलावली. संजनाचा चेहरा पार उतरला, आणि तेव्हा कुठं मोरूच्या डोक्यात उजेड पडला. मूल नसलेल्या लेकीकडं नाइलाजानं जेवावं लागलं, तर मोठी माणसं उठताना असेच थाळीखाली पैसे ठेवतात. मागं तिच्या आत्याबाईंनी ठेवले होते, तेव्हा संजना कितीतरी दिवस कुणाशी धड बोलली नव्हती. आणि आज बापानंही तेच केलं! आपण ती नोट टीप म्हणून ठेवली की रिवाज म्हणून, हे आता त्याचं त्यालाच सांगता येईना.

"टीप हाय गं ती," तो घाईघाईनं म्हणाला. "वाढणाऱ्याला."

"वाढलं मी," संजना म्हणाली आणि तिनं पिठाचा तळवा पुढं केला.

मोरूनं दत्ताकडून नोट घेऊन तिच्या हातावर ठेवली. बापानं लेकीला पैसे दिले, त्यात वावगं काय? त्याला जरा बरं वाटलं. लहानपणी जत्रेत बांधायची तशी तिनं ती नोट ओढणीच्या टोकाला बांधली, गाठ ओढून घट्ट केली.

"आता मागं घरात चला. चहा टाकते." तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र ठाम होता. "आणि बाबा, घरात टीप चालत नाय."

ती वळून चालायलाही लागली. मोरू दारातच उभा. एक चप्पल पायात, एक बाहेर. पुढं स्टेशनचा रस्ता, मागं लेकीचं घर. घरात ना बिल, ना वेटर, ना कसली पळवाट. संजना मधल्या दाराशी पोचली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

मोरूनं पायातली चप्पल काढली.

"साखर बेताची घाल गं," तो म्हणाला.