हॉलची किल्ली

घरात स्मृतिभ्रंश झालेलं माणूस सांभाळणाऱ्यांची बैठक संपली, तर हॉलच्या दाराला आतून कुलूप आणि किल्ली गायब! आपलं माणूस बाहेर भटकू नये म्हणून दार बंद करून किल्ली लपवायची सवय घरोघरी सगळ्यांनाच, त्यामुळे जो तो आपलेच खिसे चाचपू लागला.

"लवकर शोधा हो, शेजारीण आईपाशी थोडाच वेळ बसते म्हणालीय," शिंपीकाका दार हलवत म्हणाले. "बाई, तुम्हीच ठेवली नाहीत ना कुठे?"

बैठक चालवणाऱ्या बाई उसळल्या. "मी? नवऱ्याला सांभाळूनही माझं डोकं शाबूत आहे म्हटलं! तुमच्या खिशात बघा, चार रिळं निघतील आणि किल्लीही."

सगळे हसले, पण कुणी खाली बसेना. आपल्या माणसाचं चुकलं तर दाखवायचं नाही, चूक हसून स्वतःवर घ्यायची, हा धडा बाईंनीच आज सगळ्यांकडून घोटून घेतला होता. तो मात्र किल्लीच्या भांडणात कुणालाच आठवला नाही.

शेवटी चिडून बाईंनी नीट शोधता यावं म्हणून पर्समधून चष्मा काढला. चष्म्याच्या घरातून किल्ली खण्णकन खाली पडली.

"मी ठेवली? कधी?" बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. हसणं थांबलं होतं.

शिंपीकाकांनी किल्ली उचलली आणि घरी आईशी बोलतात त्या मऊ आवाजात म्हणाले, "छे हो बाई, तुम्ही कशाला ठेवाल? माझंच चुकलं."